दाराजवळचं मशीन

आमच्या शिलाईच्या दुकानात मशीनं चार, एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी लावलेली. सगळ्यांत पुढचं खिडकीला टेकलेलं, सगळ्यांत मागचं दाराला. कोण कुठे बसणार याचा नियम मालकीणबाईंच्या सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आलेला आहे. या देशात जी आधी आली ती पुढे, जी नंतर आली ती तिच्या मागे. दुकानात नव्हे, देशात. त्यामुळे हात कितीही चांगला असो, शेवटी आलेली बाई दाराजवळच बसायची. तिथे थंडीत पायांत वारा शिरतो, आत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक दार उघडताना खुर्चीला धक्का देतं, आणि चिंध्या गोळा करणं, इस्त्रीत पाणी भरणं, उठून "या, बसा" म्हणणं ही कामं न सांगता गळ्यात पडतात. शिवाय नाव जातं. तिला सगळ्या 'नवी' म्हणतात, तिच्यामागून दुसरी कुणी येईपर्यंत. माझ्यामागून कितीतरी वर्षं कुणी आलंच नाही, म्हणून माझा मुलगा शाळेतून कॉलेजात गेला तरी मी आपली नवीच.

खिडकीशी थोरल्या बाई बसायच्या. त्यांचे आजी-आजोबा बोटीनं आले, लाकडी पेट्या घेऊन. तेव्हा त्यांना कुणी खोली देईना. "यांच्या फोडणीचा वास भिंतीत मुरतो," म्हणायचे लोक. थोरल्या बाई ही गोष्ट सांगायच्या ती अशी, की जणू बोट त्यांच्याच मालकीची होती आणि बाकीच्यांना त्यांनी मेहेरबानी म्हणून बसू दिलं होतं. "आम्ही इथलेच," हे त्यांचं पालुपद.

त्यांच्यामागे आक्का. आक्का आल्या तेव्हा कारखान्यांना माणसं हवी होती, सरकारनंच बोलावणं धाडलं होतं. धक्क्यावर बँड वाजत होता आणि उतरणाऱ्या प्रत्येकीच्या हातात फूल दिलं जात होतं. "माझ्या लग्नात वाजला नाही एवढा बँड तेव्हा वाजला," असं आक्का सांगतात. मग कारखाने भरले, आणि ज्यांनी फुलं दिली त्यांनीच भिंतींवर 'आता पुरे' असं रंगवलं. मी आले ती त्या 'आता पुरे'च्या दिवसांत. बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटच्या थांब्यापर्यंत रिकामी राहायची. मी तिथे पिशवी ठेवून राणीसारखी यायची. पुढे एक दिवस देशाला कळलं, की आपण म्हातारे होत चाललोय आणि दवाखान्यात रात्रपाळीला माणूस मिळत नाही. लगेच शेजारीण साखर मागायला आली आणि जाता जाता म्हणाली, "तुमची कुणी बहीणबिहीण नाही का हो इकडे यायला तयार?"

आत्ताची आमची नवी गेल्या पानगळीत आली. तिच्या गावावर लढाई येऊन पडली होती. ती आली तेव्हा अर्धी गल्ली पांघरुणं गोळा करत होती आणि उरलेली अर्धी 'इथे जागा नाही' म्हणून सह्या गोळा करत होती. एका घरात तर बायको पांघरुणं बांधत होती आणि नवरा सह्या घेत होता, दोघं एकाच टेबलावर. सह्या करणाऱ्यांत आमच्यासारखेच पुष्कळ. माझ्या सासूबाई टीव्हीसमोर बसून "कुठून कुठून येतात लोक!" म्हणून कपाळाला हात लावतात, आणि त्या स्वतः माझ्या मागाहून आल्यात. मी काही बोलत नाही. त्यांच्या पायाशी शेगडी सरकवते.

बोलत नाही म्हणण्यावरून सांगते, सकाळी पहिली बॉबिन संपेपर्यंत मी नाम घेत शिवते, तोंडानं दुसरं काही नाही. जुना नेम आहे. त्याचा एक फायदा असा, की सकाळचं सगळं भांडण मला नीट ऐकू येतं.

थोरल्या बाई काम सोडून सरहद्दीपलीकडे लेकीकडे राहायला गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी असं भांडण झालं. नवी चिंध्यांची टोपली घेऊन पुढे गेली, रिकाम्या मशिनाजवळ उभी राहिली आणि मालकीणबाईंना म्हणाली, "खिडकीची जागा मोकळी आहे ना? मी बसू इथे?"

आक्कांच्या हातातली कात्री थांबली.

"कुठे बसू म्हणालीस?"

"इथे. खिडकीजवळ."

"वा गं वा! पाय धुवून आत आली नाहीस तोवर देव्हाऱ्यापर्यंत? मालकीणबाई, ऐकलंत? आम्ही काय इतकी वर्षं इथे गवत उपटत होतो?"

"अहो आक्का, नुसतं विचारतेय ती," मालकीणबाई हसत म्हणाल्या.

"आज विचारतेय, उद्या बसेल. मला तसं नको. तुम्ही आत्ताच्या आत्ता देवाची शपथ घ्या, की या दुकानात क्रम बदलणार नाही. शेवटी आलेली दाराजवळ. कायम."

मालकीणबाईंना गिऱ्हाइकाचा फोन घ्यायचा होता. त्यांनी एका हातानं फोन उचलला, दुसरा छातीवर ठेवला आणि म्हणाल्या, "देवाशपथ, नाही बदलणार. झालं समाधान?"

झालं. आक्का पहिल्या मशिनावर गेल्या, मी त्यांच्या मागे दुसऱ्यावर. तिसऱ्यावर अस्तराचे गठ्ठे रचले, कारण दाराशी कुणीतरी हवंच. नवी टोपली घेऊन परत आपल्या वाऱ्यात.

आक्का दुष्ट नाहीत. मला एक गोष्ट ठाऊक होती, जी दुकानात दुसऱ्या कुणालाच नव्हती. त्यांचे डोळे मंदावत चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की चष्म्याचं जेवढं व्हायचं तेवढं झालं, आता शिवायचं तर दिवसाच्या चांगल्या उजेडात. काळ्या कापडावर काळा दोरा त्यांना दिव्याखाली दिसत नव्हता. थोरल्या बाई कधी जातायत आणि खिडकी कधी मिळतेय याची त्या डोळ्यांत तेल घालून वाट बघत होत्या. ती मिळाली नाही तर घरी बसायची पाळी. आणि घरी बसणं म्हणजे काय, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. "सून गुणाची आहे गं. म्हणूनच म्हणते, दिवसभर समोरासमोर बसून तिला बिघडवायला नको."

खिडकीत बसल्यावर आक्कांचा हात असा चालायला लागला की बघत राहावं. कॉलरी काय, काज काय, सगळं रेघेत. जेमतेम आठवडा गेला असेल, शेजारच्या मोकळ्या जागेत बांबू उभे राहिले.

"रंग देत असतील," आक्का म्हणाल्या.

रंग नव्हता. विटा होत्या. आमच्या खिडकीपासून हातभर अंतरावर भिंत चढायला लागली. आधी आक्कांच्या मांडीवरचा उजेड गेला, मग टेबलावरचा. शेवटी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात बोटभर आभाळ उरलं होतं, तेवढ्यात गवंड्यानं तिथेही वीट बसवली आणि थापी आपटून आतल्या आम्हांला हसून सलाम केला. आक्कांनी त्याला काय म्हटलं ते मी लिहीत नाही.

दुकानात दिवसा दिवे लागले. मालकीणबाईंचा जीव खालीवर झाला. अंधारात शिवलेलं कापड कोण विकत घेणार? त्यांनी सुतार बोलावला, रस्त्याकडच्या जुन्या लाकडी फळ्या काढून टाकल्या आणि दाराच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत सबंध काच बसवून घेतली. दाराला रबराची पट्टीही मारली. ज्या सकाळी काच लागली त्या सकाळी आम्ही आत आलो तर नवी उन्हात बसलेली. तिच्या मशिनाचं चाक चकाकत होतं, तिचे केस, तिची सुई, तिचा चहाचा कपसुद्धा. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून तिचा हात बघत होती.

आम्ही दोघी त्या उजेडातून चालत आपल्या गुहेत गेलो.

दुपारी थोरल्या बाई आल्या. लेकीकडे महिनाभर राहून त्यांना तिकडचं पाणी मानवलं नव्हतं, म्हणून परत आल्या होत्या. त्यांनी काच बघितली, नवीला बघितलं, आणि चहा पिता पिता म्हणाल्या, "मालकीणबाई, मी परत कामावर येईन म्हणते."

"अहो या की! पण खिडकी आता अशी..."

"खिडकी कशाला? शेवटी आलेली दाराजवळ ना? परवा संध्याकाळच्या बसनं सरहद्द ओलांडून मी आले. माझ्यामागून कुणी आलंय का? मग नवी कोण झाली?"

आम्ही बघतच राहिलो. जन्मभर 'आम्ही इथलेच' म्हणणारी बाई परवा आली म्हणून छाती पुढे काढून बसली होती!

"असं कसं?" आक्का उसळल्या. "असं बघायचं तर मीही गेल्या पावसाळ्यात भावाकडे जाऊन आले."

"पावसाळा आधी की परवा आधी?"

मलाही राहवेना. "मी धाकट्या नणंदेच्या लग्नाला गेले होते," मी म्हटलं, "पण त्याला बरीच वर्षं झाली."

"तू गप शीव," दोघी म्हणाल्या.

नवी टीप मारता मारता हळूच बोलली, "मी मात्र आल्यापासून कुठेच गेले नाही. जायला तिकडे काही राहिलं नाही."

मग थोरल्या बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, "थट्टा केली गं पोरी, माझे गुडघे कुठे चालतात आता," असं म्हणाल्या आणि आपली बिस्किटं तिच्या बशीत टाकून गेल्या.

त्याच आठवड्यात कोटाचा प्रकार झाला. शाळेतल्या मास्तरांचा काळा कोट, दोन्ही बाह्या नव्यानं लावायच्या. आक्कांनी दिव्याखाली तो मन लावून शिवला. मालकीणबाईंनी इस्त्री करून तो काचेशी टांगला आणि उन्हात बघतात तर एक बाही काळी, एक गडद निळी. काम इतकं सुबक की दोरासुद्धा ज्या त्या बाहीला जुळणारा.

"मास्तर फळ्याकडे वळले की एक आणि मुलांकडे वळले की दुसरे दिसतील," मालकीणबाई हसल्या. आम्हीही हसलो. आक्का हसल्या नाहीत. मग मालकीणबाईंनी त्यांच्याजवळ स्टूल ओढलं आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "आक्का, आता डोळ्यांना आराम द्या हो. हा महिना झाला की घरी राहा. अधूनमधून येत जा चहाला."

मायेनं म्हटलेलं जास्त लागतं. आक्कांनी कोट मांडीवर घेतला आणि निळी बाही उसवायला लागल्या, नुसती बोटांनी चाचपून.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या उठल्या आणि दाराजवळच्या मशिनाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी अस्तराच्या गठ्ठ्यांमागे डबा खात होते.

"जेवलीस का गं?"

"तुमच्यासमोरच जेवले की, आक्का."

"हं. ऊन फार येत असेल नाही इथे? डोळे दिपत असतील."

"नाही, बरं वाटतं."

"लोक बघत बसतात बाहेरून. लाज वाटत असेल."

"सवय झाली." नवीनं मान वर केली. "आक्का, तुम्हांला ही जागा हवी आहे का?"

"मला? मला कशाला हवी?" आक्का दाराकडे दोन पावलं गेल्या, परत आल्या. "हो. हवी आहे. दिसत नाही मला तिथे. तू खिडकी मागितलीस तेव्हा मी तुला काय काय बोलले ते माझ्या लक्षात आहे, तेव्हा तू नाही म्हणालीस तर मी काही म्हणणार नाही. विचारायचं होतं, विचारलं."

नवीनं सुई कापडात टोचून ठेवली. "मी खिडकी उजेडासाठी नव्हती मागितली हो. हे दार मागे असतं ना, ते उघडलं की माझा हात दचकतो. आमच्याकडे शेवटी शेवटी दार उघडून चांगलं कुणी यायचंच नाही. ही टीप बघा. गिऱ्हाईक आलं की वाकडी, गेलं की सरळ. माझ्या टिपेवरून दिवसभरात किती माणसं आली ते मोजता येईल. खिडकीशी बसलं तर दार लांब राहील एवढंच मनात होतं. आणि आता तर तिथे भिंत! केवढी जाड आहे! तिकडून कुणी यायची भीतीच नाही. मला तर ती जागा स्वर्गासारखी वाटते."

"अंधार आहे गं तिथे."

"दिवा आहे ना. माझे डोळे तरुण आहेत."

आक्का मटकन गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसल्या. "मला वाटलं तू उजेडावर टपलीयस. एकदा तोंड उघडून विचारलं असतं तर काय झालं असतं मला! मग आता अडलंय कुठे?"

"तुमच्या शपथेत," नवी म्हणाली आणि इतकी गोड हसली, की आक्कांनाही हसू फुटलं.

पण शपथ ती शपथ. मालकीणबाई देवाच्या नावाला भिणाऱ्या. "मी क्रम बदलायचा नाही म्हणून बोलून बसलेय," त्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "उद्या दुकानाला काही झालं तर?" तेव्हा आक्कांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचारा. हिचं देवाशी रोजचं बोलणं आहे."

तिघी माझ्याभोवती उभ्या राहिल्या. आणि मी नुकतीच बॉबिन भरलेली, काठोकाठ.

"बोल ना गं!"

मी बॉबिनकडे बोट दाखवलं. आक्कांनी कपाळ बडवलं. "अगं मग हाण पाय जोरात!" मी पडद्याची एक लांब कड संपवली. नवीनं लगेच दुसरा पडदा सरकवला. मग उशांचे अभ्रे आणले, ते झाले तर टॉवेल. मालकीणबाई म्हणाल्या, "इतकं काम तर हिनं कधी अख्ख्या दिवसात केलं नव्हतं." शेवटी दोऱ्याचं टोक वर आलं. मी मनातलं नाम पुरं केलं आणि बोलले.

"काय? मोठ्यानं बोल," तिघी ओरडल्या.

"मी म्हटलं, शपथ मोडायची गरजच नाही. शपथ आहे ती शेवटी आलेली दाराजवळ, एवढीच. थोरल्या बाई काय म्हणाल्या त्या दिवशी? पहिल्यांदा कधी आली ते बघायचं की शेवटचं कधी आली ते, हे कुणी ठरवलंय? शेवटचं येणं धरलं तर आपण सगळ्या कधी ना कधी जाऊन आलोय. नवी काही गेली नाही. पण तिचं येणं आपल्या सगळ्यांच्या येण्यानंतरचं. तेव्हा तिच्यानंतर कुणीतरी जाऊन परत आलं पाहिजे."

मालकीणबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. आक्कांचा झाला होता. त्यांनी पदर खोचला आणि विचारलं, "रविवारी सरहद्दीची बस किती वाजता सुटते?"

आक्कांचे यजमान जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. दोघं रविवारी गेली. जाताना सगळा रस्ता यजमान ड्रायव्हरला वळणं शिकवत होते, असं आक्का सांगत होत्या. पलीकडे गेल्यावर एका टपरीवर चहा घेतला, तो पाणचट निघाला, आणि त्याच बसनं परत फिरली. सरहद्दीवरच्या पोरानं विचारलं, "आजी, तिकडे कशाला गेला होतात?" आक्का म्हणाल्या, "परत यायला." त्यानं दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा तेच सांगितलं. यजमान म्हणाले, "सोड रे बाबा, मी इतकी वर्षं समजून घेतोय, तुला दोन मिनिटांत काय कळणार?"

सोमवारी जागा बदलल्या. हिशेबानं खिडकी माझी, पण मी म्हटलं मला मधलीच बरी. नवी खिडकीपाशी गेली, दिवा लावला, भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिच्या मशिनाचा आवाज एकसारखा यायला लागला, मध्ये कुठेही न अडखळता. दुपारपर्यंत तिनं एकदाही मागे वळून बघितलं नाही. आक्कांनी दाराजवळ बसल्या बसल्या केरसुणी मागितली. आम्ही नको नको म्हटलं. "का? मी इथे शेवटी आलेय," म्हणाल्या आणि चिंध्या गोळा केल्या. मग मास्तरांचा कोट घेतला, काळी बाही उन्हात धरून, उलटसुलट करून खात्री केली आणि लावायला बसल्या.

ती टीप अर्ध्यात आली असेल, तोच दार उघडलं. पडदे शिवायला टाकायला एक अनोळखी बाई आल्या. आक्कांना उठून "या, बसा" म्हणताना बघून त्या थांबल्या. वय बघितलं, हातातली केरसुणी बघितली, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "तुम्ही... नवीन... आलात का इकडे?"

"हो," आक्का म्हणाल्या. "कालच्या बसनं."

"अगंबाई! आणि आज कामालाही लागलात? या वयात! कसे वाटतात इथले लोक?"

आक्कांनी पडद्याचं कापड हातात घेतलं, काचेकडे धरून त्याचा पोत बघितला. मग मागे, अगदी टोकाला, भिंतीशी वाकून शिवणाऱ्या नवीकडे एक नजर टाकली.

"चांगले आहेत हो," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला जरा फुगून बसतात. सांभाळून घ्यावं लागतं. मग हळूहळू रुळतात. लांबी किती ठेवू?"